राणीछाप रुपये घासू नका! जुनी चांदीची नाणी अशी सांभाळा

दिवाळी जवळ आली की लक्ष्मीपूजनासाठी पेटीतले चांदीचे रुपये बाहेर निघतात आणि चिंच, राख किंवा टूथपेस्ट लावून लख्ख घासले जातात. मीही आजीचे रुपये असेच घासले होते. सोनाराकडे त्याने काही बिघडत नाही, तो वजनावर घेतो. पण नाणी जमवणारा माणूस घासलेलं नाणं बघताच भाव पाडतो.

कारण साधं आहे. ब्रिटिश काळातला रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. त्यात ९१.७ टक्के चांदी असे, १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आली. ही झाली वजनाची किंमत. संग्राहक मात्र वर्ष, टांकसाळ आणि छापाचा उठाव बघतो. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा वाटला. ओरड झाली आणि बहुतेक नाणी वितळवली गेली. म्हणून ते साल आज कमी दिसतं.

काय करावं?

- काळपटपणा तसाच राहू द्या. तो गंधकामुळे येतो, नाणं त्याने खराब होत नाही. घासल्यावर पडलेले चरे मात्र कायमचे.
- नाणं कडेने धरा. घामाच्या बोटांचे ठसे उमटतात.
- प्रत्येक नाणं वेगळं, कोऱ्या कागदात किंवा नाण्यांच्या कडक प्लास्टिक डबीत ठेवा. मऊ पीव्हीसी पाकीट, रबरबँड, वर्तमानपत्र आणि लोकर टाळा.
- घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाका.
- द्राक्षबागेसाठी आणलेली गंधकाची भुकटी किंवा कांदा ज्या खोलीत आहे, तिथे चांदी ठेवू नका. लवकर काळी पडते.
- माळेसाठी नाण्याला कडी जोडू नका, भोकही पाडू नका.

चांदीच्या विटेचं गणित वेगळं. तिथे शुद्धता आणि वजन महत्त्वाचं. कंपनीचं सीलबंद पाकीट फोडू नका, पावती जपून ठेवा.

आणि हो, नांगरताना शेतात जुनी नाणी सापडली तर ती परस्पर विकू नका. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

यंदा पूजेला रुपये काढाल तेव्हा मऊ सुती कापडावर ठेवा, हळद-कुंकू शेजारच्या सुपारीला वाहा. देवीला काळपट रुपयाही चालतो.