घरच्या कष्टांचा रकाना : महाराष्ट्रातील कृषी अर्थशास्त्राची घडण

कृषी विद्यापीठांतील इतर विभागांना प्रयोगशाळा असते, प्रक्षेत्र असते, काचपात्रे आणि वाफे असतात. कृषी अर्थशास्त्र विभागाला मात्र शेतकऱ्याच्या ओसरीखेरीज दुसरी प्रयोगशाळा नाही. बियाणे, पाणी, जमीन, जनावरे, मजुरी, कर्ज आणि बाजारभाव यांचा एकत्र हिशेब मांडून शेती परवडते की नाही, आणि परवडत असल्यास कोणाला, याचा शोध घेणारी ही विद्याशाखा महाराष्ट्रात शंभर वर्षांहून थोडी अधिक जुनी आहे. तिचा आरंभ अर्थशास्त्राच्या वर्गात झाला नाही. तो एका रसायनशास्त्रज्ञाने केला, ही गोष्ट तिचा पुढचा स्वभाव समजून घेण्यास उपयोगी पडते.

हॅरल्ड मॅन हे चहाच्या मळ्यांसाठी संशोधन करणारे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ १९०७ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. माती आणि पाणी तपासण्याची सवय असलेल्या या माणसाने पुण्याजवळचे पिंपळे सौदागर हे गाव निवडले आणि सहकाऱ्यांच्या मदतीने तेथील जमीन, विहिरी, पिके, जनावरे, कर्जे आणि प्रत्येक घराची मिळकत यांची नोंद केली. तो अभ्यास १९१७ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र मालेत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. गावच्या जुन्या दप्तरांशी ताडून पाहता १७७१ मध्ये सरासरी ४० एकरांची असलेली धारणा, म्हणजे एका खातेदाराकडील एकूण जमीन, १८१८ मध्ये साडेसतरा एकरांवर आणि १९१४-१५ मध्ये अवघ्या ७ एकरांवर आल्याचे त्यांना आढळले, आणि ही सात एकरही सलग नसून लहान लहान तुकड्यांत विखुरलेली होती.

या आकड्यांपेक्षाही महत्त्वाची होती ती मॅन यांनी केलेली कुटुंबांची वर्गवारी. ज्यांचे केवळ जमिनीवर भागते, जमिनीला बाहेरच्या मजुरीची जोड दिल्यावर ज्यांचे भागते आणि दोन्ही मिळूनही ज्यांचे भागत नाही, असे तीन गट त्यांनी पाडले, आणि सुमारे ६५ टक्के कुटुंबे तिसऱ्या गटात असल्याचे दाखवले. पुणे-खडकीच्या आसऱ्याने रोजगार मिळणाऱ्या गावाचे चित्र सर्वसाधारण मानता येणार नाही, हा आक्षेप त्यांनी स्वतःच ओळखला आणि ना. वि. कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरच्या, कोरडवाहू जातेगाव बुद्रुकची पाहणी केली. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या दुसऱ्या अभ्यासात अडचणीतील कुटुंबांचे प्रमाण सुमारे ८५ टक्के निघाले. सरकारी अहवालांत तोवर शेतकऱ्याचा उल्लेख सारा भरणारा किंवा कर्ज बुडवणारा म्हणून येत असे. घर चालवणारा माणूस म्हणून त्याचा जमाखर्च येथे प्रथमच इतक्या बारकाईने मांडला गेला.

महाविद्यालयाच्या अभ्यासक्रमात मात्र अर्थशास्त्राला बराच काळ दुय्यम स्थान राहिले. पदवीचा विद्यार्थी पीकशास्त्र, रसायन आणि वनस्पतिशास्त्र यांत गढलेला असे, आणि शेतीचे अर्थशास्त्र म्हणजे हिशेबवह्या ठेवण्याचे एक उपयुक्त अंग, एवढीच बहुतेकांची समजूत होती. ही उणीव भरून काढण्याचे काम महाविद्यालयाबाहेर झाले. रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये पुण्यात गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी ग्रंथालयात बसून लिहिण्यापेक्षा बाजारात आणि शिवारात जाऊन मोजण्याची शिस्त संस्थेला लावली. पुण्याच्या फळबाजाराची पाहणी १९३३ मध्ये, तर वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी १९४० मध्ये प्रसिद्ध झाली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभांवरील १९४८ चा अहवाल या परंपरेतील सर्वांत दूरदर्शी म्हणावा लागेल. कालव्यावर झालेला खर्च पाणीपट्टीतून वसूल होतो का, एवढाच प्रश्न सरकार विचारत असताना, पाण्यामुळे वाढलेली मजुरी, व्यापार आणि उत्पन्न हाही कालव्याचाच लाभ धरला पाहिजे, असा युक्तिवाद त्यात बागायत आणि जिरायत गावांच्या तुलनेवर उभा केलेला आहे. त्याच प्रवरेच्या खोऱ्यात विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्षपद गाडगीळांकडे आले, यावरून पाहणी करणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील अंतर त्या काळी किती कमी होते हे दिसते. १९३९ मध्ये मुंबईत भारतीय कृषी अर्थशास्त्र परिषद स्थापन झाली, सर मणिलाल नानावटी यांचे नेतृत्व तिला लाभले, आणि १९४६ पासून तिचे नियतकालिक निघू लागले. विखुरलेल्या अभ्यासकांना परस्परांचे काम वाचण्याची आणि वार्षिक अधिवेशनात त्यावर भांडण्याची सोय त्यामुळे झाली.

स्वातंत्र्यानंतर पाहण्यांचा पल्ला एकदम वाढला. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये ७५ जिल्ह्यांतील ६०० गावांत केलेल्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के निघाला, आणि सहकाराच्या चळवळीने पन्नास वर्षांत काय साधले हा अवघड प्रश्न उभा राहिला. तथापि या विद्याशाखेच्या दृष्टीने खरा वळणबिंदू ठरला तो १९५४-५५ मध्ये केंद्र सरकारने सुरू केलेल्या शेती व्यवस्थापन पाहण्यांचा. देशातील सहा प्रदेश त्यासाठी निवडले गेले. तत्कालीन मुंबई राज्यातून अहमदनगर आणि नाशिक हे जिल्हे घेण्यात आले. एकीकडे हंगामाच्या शेवटी शेतकऱ्याला आठवून सांगायला लावण्याची पाहणी पद्धत, तर दुसरीकडे गावातच मुक्काम करणाऱ्या नोंदणीकाराने जवळजवळ रोज शेतावर जाऊन लिहून घ्यायची खर्चलेखन पद्धत, अशा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी वापरून त्यांच्या उत्तरांची तुलना करण्यात आली.

खर्चलेखनाची वही दिसायला साधी आणि भरायला अतिशय कठीण असे. नांगरट, पाळी, पेरणी, खुरपणी, काढणी, मळणी अशा प्रत्येक कामापुढे माणसांचे आणि बैलजोडीचे दिवस लिहायचे; त्यांतही घरचे किती, रोजाने लावलेले किती आणि सालगड्याचे किती हे वेगळे दाखवायचे. रोख मजुरीचा आकडा लगेच मिळे, परंतु बलुत्यापोटी दिलेले धान्य, शेतातच जिरलेले शेणखत आणि गोठ्यात खपलेला कडबा यांची किंमत कशी धरायची, हा रोजचा पेच होता. सावडीने केलेले काम तर वहीच्या चौकटीत बसतच नसे, कारण आज शेजाऱ्याने आपल्या रानात राबायचे आणि उद्या आपण त्याच्या रानात, या व्यवहारात मजुरी कोणी कोणाला देत नाही. जेवण घालून अनेकांच्या नांगरांनी एकाच दिवसात रान काढून घेण्याच्या इर्जिकीचीही तीच गत होती. तेथे जेवणाचा खर्च लिहावा की नांगरटीचा, यावर हिशेबतज्ज्ञांना नियमच करावा लागे.

या गुंत्यातून खर्चाच्या ज्या संकल्पना निघाल्या, त्या आजही प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच सत्रात पाठ कराव्या लागतात. बियाणे, खते, लावलेले मजूर, बैल आणि अवजारे, सारा, अवजारांची झीज आणि खेळत्या भांडवलावरील व्याज असा प्रत्यक्ष झालेला खर्च म्हणजे खर्च ‘अ’, त्यात खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड मिळवला की त्याचे दुसरे रूप. स्वतःच्या जमिनीचा अंदाजी खंड आणि स्थिर भांडवलावरील व्याज धरले की खर्च ‘ब’. आणि त्यावर घरच्या माणसांच्या श्रमांचे मोल चढवले की खर्च ‘क’. पहिल्या प्रकारात शेतकरी कारखानदारासारखा दिसतो, शेवटच्या प्रकारात तो स्वतःचाच मजूर आणि स्वतःचाच जमीनमालकही असतो. घरच्या श्रमांना दर कोणता लावायचा, हा प्रश्न त्यामुळे सर्वांत नाजूक ठरला. सालगड्याच्या वार्षिक मोबदल्यावरून तो काढला तर फार कमी येई, हंगामातील रोजंदारीवरून काढला तर फार जास्त. शिवाय बायकामुलांच्या कामाचे दिवस पुरुषांच्या दिवसांत रूपांतरित करताना वापरलेली प्रमाणे आज वाचणाऱ्याला खटकल्याशिवाय राहत नाहीत.

या पाहण्यांचे आकडे हाती घेऊन १९६२ मध्ये अमर्त्य सेन यांनी मुंबईच्या ‘इकॉनॉमिक वीकली’मध्ये एक छोटेखानी लेख लिहिला. घरच्या श्रमांना बाजारदराने मजुरी लावली तर भारतातील बरीचशी शेती तोट्यात दिसते, धारणा मोठी होत जाते तशी ती फायद्यात येते, आणि तरीही एकरी उत्पन्न मात्र लहान धारणेवर अधिक असते, या तीन निरीक्षणांतील विसंगती त्यांनी पुढे ठेवली. लहान शेतकरी स्वतःच्या कष्टांची मजुरी मोजत नाही, म्हणून तो मजूर लावणाऱ्यापेक्षा अधिक राबतो, अशी त्यांची मांडणी होती. जमिनीचा कस, सिंचन आणि पिकांची निवड यांची कारणे देऊन इतरांनी तिला उत्तरे दिली आणि वाद पुढे अनेक वर्षे चालला. नोंदणीकारांनी भरलेल्या वह्यांतून देशाच्या अर्थशास्त्रातील इतका दीर्घ वाद उभा राहिल्याचे दुसरे उदाहरण सहज सापडणार नाही.

वहीतील रकान्याला राजकीय वजन आले ते किमतींच्या प्रश्नामुळे. १९६५ मध्ये कृषी मूल्य आयोग स्थापन झाला आणि मुंबई विद्यापीठातील प्रा. मो. ल. दांतवाला त्याचे पहिले अध्यक्ष झाले. आधारभूत किंमत ठरवायची तर उत्पादनखर्च दरवर्षी हाती असला पाहिजे, म्हणून १९७०-७१ पासून देशभर खर्चपाहणीची कायम योजना सुरू झाली आणि महाराष्ट्रात तिची जबाबदारी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आली. दशकभरातच शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने चाकणचा कांदा आणि नाशिकचा ऊस यांवरून रास्त भावाची मागणी रस्त्यावर आणली आणि सरकारी उत्पादनखर्च मुळातच कमी दाखवला जातो, असा आरोप केला. विद्यापीठांतील अभ्यासकांना हा आरोप बोचला, पण तो सर्वस्वी निराधार नव्हता, कारण घरच्या मजुरीचा दर हा मोजमापाचा प्रश्न नसून निवडीचा प्रश्न होता, आणि निवड करणारे शेतकरी नव्हते. १९९० मध्ये हनुमंत राव समितीने किमान वेतन किंवा प्रचलित मजुरी यांपैकी अधिक असेल तो दर घरच्या श्रमांना लावावा, असे सुचवले. राष्ट्रीय शेतकरी आयोगाने पुढे उत्पादनखर्चाहून किमान ५० टक्के अधिक भावाची शिफारस केली. २०१८ मध्ये केंद्राने दीडपट भाव जाहीर केला तेव्हा प्रत्यक्ष खर्च अधिक घरचे श्रम एवढाच आधार घेतला, तर संघटनांनी जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरणाऱ्या सर्वंकष खर्चाचा आग्रह धरला. विद्यार्थी पहिल्या सत्रात ज्या व्याख्या घोकतो, त्यांवरून मोर्चे निघतात, हे या विभागाचे वेगळेपण आहे.

राज्यात १९६८ मध्ये राहुरी, १९६९ मध्ये अकोला आणि १९७२ मध्ये परभणी व दापोली येथे कृषी विद्यापीठे उभी राहिली, तेव्हा शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच छताखाली आणण्याचा अमेरिकी नमुना आणि त्याबरोबरची सत्रपद्धती स्वीकारली गेली. कृषी अर्थशास्त्राला स्वतंत्र विभाग, पदव्युत्तर पदवी आणि आचार्यपदवी मिळाली, आणि चारही विद्यापीठांच्या वार्षिक संयुक्त संशोधन बैठकीत, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘ॲग्रेस्को’त, वाणांच्या आणि अवजारांच्या शिफारशींबरोबर अर्थशास्त्रीय शिफारशीही मांडल्या जाऊ लागल्या. पदवीच्या शेवटच्या वर्षातील ग्रामीण कृषी कार्यानुभव, ज्याला विद्यार्थी ‘रावे’ म्हणतात, हा मॅन यांच्या पाहणीचा दूरचा वारसदार मानता येईल. गावी पाठवलेले ‘कृषीदूत’ आणि ‘कृषीकन्या’ रांगोळीने गावाचा नकाशा काढतात, बीजप्रक्रियेची प्रात्यक्षिके दाखवतात आणि त्याची छायाचित्रांसह बातमी तालुक्याच्या पानावर येते. एका शेतकऱ्याच्या वर्षभराच्या जमाखर्चाचा तक्ता मात्र बातमीत कधी येत नाही, तो प्रकल्पवहीत राहतो. पदवीनंतर यांतील बरेच जण बँकांच्या कृषी अधिकारी पदांकडे आणि राज्यसेवेच्या परीक्षांकडे वळतात, आणि वसतिगृहांच्या अभ्यासिकांत प्रबंधापेक्षा स्पर्धापरीक्षेची पुस्तके अधिक दिसतात, ही तक्रार आता जुनी झाली आहे.

प्रबंधांवर साचेबंदपणाचा ठपका नेहमी ठेवला जातो आणि तो बराचसा खराही आहे: अमुक तालुक्यातील अमुक पिकाच्या उत्पादनाचे व विपणनाचे अर्थशास्त्र, लहान-मध्यम-मोठे असे शेतकऱ्यांचे तीन गट, ठरीव प्रश्नावली आणि शेवटी मध्यस्थांच्या साखळीचा तक्ता. परंतु केंद्राची आधारभूत किंमत दोन डझनांहून कमी पिकांपुरती आहे. पुरंदरचे अंजीर, सोलापूरचे डाळिंब, कोकणातले कोकम किंवा पानमळे यांचा त्या यादीत समावेश नाही, आणि त्यांच्या लागवडीला कोणत्या वर्षी किती खर्च आला, घरची माणसे किती दिवस राबली आणि अडत्याने किती कापले, याची शिस्तीने केलेली नोंद बहुधा विभागाच्या ग्रंथालयातील या कंटाळवाण्या प्रबंधांतच मिळते.