‘गाडी पडलेली आहे का?’ : एका प्रश्नाचा इतिहास

१९९४ च्या पावसाळ्यात कात्रजच्या जुन्या घाटात माझी शंभर सीसीची मोटारसायकल कठड्यावर आदळली. मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप मात्र मागे वाकले आणि हँडल टाकीवर आपटून तिला पोचा पडला. नवे शॉकअप घेण्याइतके पैसे हाताशी नव्हते. ओळखीच्या लेथवाल्याकडून पाइप सरळ करून घेतले, रिमचा आउट काढून घेतला, टाकीच्या पोच्यात लांबी भरून ती मीच घासली आणि रंगही मीच मारला. दोन रविवार त्यात गेले. गाडी नव्यासारखी दिसू लागली आणि आपल्या हातच्या कामाचा मला अभिमान वाटला.

दोन वर्षांनी ती विकायला काढली. घ्यायला आलेला मुलगा भोरकडचा होता. दुधाच्या किटल्या लावायला त्याला गाडी हवी होती. बोळातून एक फेरी मारून आल्यावर त्याने विचारले, “पडलेली नाही ना कुठं, सर?” मी म्हणालो, “एकदा घसरली होती. किरकोळ.” व्यवहार झाला. महिन्याभराने तो पुन्हा दारात उभा राहिला. “सर, ब्रेक दाबला की डावीकडं वढती. तुमच्याकडं असताना वढायची का?” मी “नाही” म्हणालो. त्याने पैसे परत मागितले नाहीत. चहा घेतला आणि गेला.

ते दुसरे ‘नाही’ उघड खोटे होते. त्याबद्दल वाद नाही. मला छळत राहिले ते पहिले उत्तर. ते खोटे होते, की नुसते अपुरे? विकणाऱ्याने किती बोलायचे आणि घेणाऱ्याने किती पारखायचे, याची रेघ कोणी, केव्हा आणि कुठे ओढली? मी इतिहासाचा मास्तर. उत्तर शोधायला जुन्या पुस्तकांकडेच वळलो. पण आधी गाडीकडे पाहिले पाहिजे, कारण या प्रश्नाची धार तिथे आहे.

मोटारसायकलचा पुढचा भाग ज्या आसावर वळतो, ती रेषा खाली वाढवली तर चाक रस्त्याला टेकते त्या जागेच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. हे काही इंचांचे अंतर गाडीला सरळ ठेवते. चाक आपसूक मध्यावर येते ते त्यामुळे. समोरून धडक बसली की आधी शॉकअपचे पाइप वाकतात. धडक जोराची असेल तर चॅसीची मान, म्हणजे हँडलचा कोन सेट जिच्यात बसतो ती नळी, मागे ढकलली जाते. मान अशी उभी झाली की ते अंतर कमी होते. अशी गाडी गल्लीत ठीक चालते. वेग वाढला, खड्डा आला किंवा मागे ओझे बसले की तिचे हँडल थरथरू लागते.

घरगुती दुरुस्तीचा धोका असा, की ती आकार परत आणते, पण ताकद परत आणीलच असे नाही. थंड अवस्थेत दाबून सरळ केलेल्या पाइपमध्ये ताण उरतो; वरच्या क्रोमला बारीक चिरा जातात, त्या तेलाचे सील खातात आणि गंज आत घेतात. चॅसीला वेल्डिंग केले तर जोड भक्कम दिसतो, पण त्याच्या शेजारची तापून निवलेली धातूची पट्टी बदललेली असते आणि पुढे तडा बहुधा तिथेच जातो. ओतीव मिश्रधातूचे चाक ठोकून गोल केले तर आतली चीर डोळ्यांना दिसत नाही. या सगळ्यावर रंगाचा एक हात बसला की विकणारा आणि घेणारा यांच्यात एक पडदा उभा राहतो. पडद्याच्या एका बाजूला काय घडले हे माहीत असलेला माणूस असतो, दुसऱ्या बाजूला पैसे मोजणारा.

हा पडदा मोटारसायकलने आणलेला नाही. जनावरांच्या बाजारात तो पूर्वीपासून आहे. रोमच्या बाजारावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी गुलाम आणि जनावरे विकणाऱ्यांना दोष आधी जाहीर करण्याचा हुकूम काढला होता. दोष लपवला तर सहा महिन्यांच्या आत माल परत करता येई. आपल्याकडच्या स्मृतिकारांनी वेगळी वाट धरली. त्यांनी घेणाऱ्याला वेळ दिला. याज्ञवल्क्यस्मृतीत मालागणिक परीक्षेचा काळ ठरवून दिला आहे: बियाण्याला दहा दिवस, लोखंडाला एक, रत्नांना सात, दुभत्या जनावराला तीन आणि ‘वाह्य’ म्हणजे ओझे वाहणाऱ्या जनावराला पाच. त्याच यादीत दासदासींच्या परीक्षेचाही काळ आहे, हे विसरून त्या व्यवस्थेचे कौतुक करता येणार नाही. पण त्यामागची समज लक्षात घेण्याजोगी आहे. लोखंड एका दिवसात कळते. बैल कळायला पाच दिवस लागतात, कारण तो जुंपल्याशिवाय आणि चढ चढल्याशिवाय कळत नाही. या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली आणि पुढे महाराष्ट्राच्या बहुतेक भागात धर्मशास्त्राचा निवाडा तिच्या आधारे होत आला. म्हणजे पाच दिवसांचा हा विचार आपल्याच मातीतला आहे. माझ्या गिऱ्हाइकाला मिळाली ती बोळातली एक फेरी.

इंग्लंडचा बाजार दुसऱ्या टोकाला गेला. १६०३ च्या एका गाजलेल्या खटल्यात एका सोनाराने शंभर पौंडांना एक खडा विकला होता. प्राण्याच्या पोटात तयार होणारा, विष उतरवणारा ‘बेझोआर’ म्हणून त्याने तो दिला. तो तसा नव्हता. न्यायालयाचा निष्कर्ष असा, की नुसते ‘हा बेझोआर आहे’ म्हणणे पुरेसे नाही. हमी दिलेली नसेल तर तक्रार चालणार नाही. घेणाऱ्याने स्वतः सावध राहावे, हे तत्त्व त्यानंतरच्या दोन-तीन शतकांत तिथे पक्के होत गेले आणि इंग्रजांबरोबर ते इकडे आले.

आले, पण जसेच्या तसे नाही. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिच्याखाली घोड्याची उदाहरणे आहेत. पहिल्यात एक माणूस लिलावात घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे त्याला माहीत आहे, पण तो गप्प राहतो. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. दुसऱ्यात घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे नात्यामुळेच सांगणे हे त्याचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, तुम्ही नाकारले नाही तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन. विकणारा गप्प राहतो. आता त्याचे गप्प राहणे बोलण्याइतकेच ठरते.

हे तिसरे उदाहरण वाचताना मी थांबलो. “पडलेली नाही ना कुठं, सर?” हा प्रश्न विचारून त्या मुलाने मला पहिल्या उदाहरणातून उचलून तिसऱ्याच्या दारात आणले होते. मी गप्पही राहिलो नव्हतो. ‘किरकोळ’ म्हणालो होतो. वाकलेल्या शॉकअपला किरकोळ म्हणणे हे अपुरे सत्य नव्हे. ते एका शब्दात बसवलेले असत्य आहे.

मग हा प्रश्न आपल्याकडे इतका हळू का विचारला जाई? त्याचे उत्तर मला परवान्यांच्या राज्यात दिसते. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट जुळू लागली, १९६० नंतर म्हैसूरहून जावा आणि फरीदाबादकडून राजदूत आली, आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून १९७२ मध्ये चेतक निघाली. पण कोणी किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरत असे. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. अशा काळात हातात असलेली जुनी स्कूटर नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई. गिऱ्हाईक दहा आणि गाडी एक, तिथे ‘पडली होती का?’ असे विचारणारा पाठ फिरवेपर्यंत दुसरा पैसे मोजून मोकळा होई. १९८४ ते १९८६ या काळात जपानी भागीदारीतल्या शंभर सीसीच्या गाड्या आल्या, पुढे परवाने सैल झाले, रांगा संपल्या. सवय मात्र उरली. दुरुस्तीला आपण कसब मानतो, आणि ते आहेच. पण दुरुस्ती सांगणे हा त्या कसबाचा भाग आहे, असे मात्र आपण मानत नाही.

योगायोग असा, की जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा जगातला सर्वात प्रसिद्ध निबंध याच टंचाईच्या काळातला आहे आणि त्यात भारतही आहे. जॉर्ज अकरलॉफ हे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ १९६७-६८ मध्ये दिल्लीत होते. तीन नियतकालिकांनी नाकारलेला त्यांचा निबंध १९७० मध्ये छापून आला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: चांगली आणि सदोष गाडी घेणाऱ्याला वेगळी ओळखता येत नसेल, तर तो दोन्हींना सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. मग बाजारात सदोष गाड्यांचे प्रमाण वाढते, भाव आणखी उतरतो. खोटे बोलणारा एका गिऱ्हाइकाला बुडवतोच, शिवाय खऱ्या विकणाऱ्यालाही बाजारातून घालवतो. याच निबंधात त्यांनी आपल्याकडच्या तांदळात मुद्दाम मिसळलेल्या खड्यांचा दाखला दिला आहे. अकरलॉफ यांना २००१ मध्ये याच विषयावरच्या कामाबद्दल अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले.

त्यांच्या देशानेही हा पेच सोडवला असे नाही. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९८१ मध्ये नियम केला, की जुन्या मोटारी विकणाऱ्या व्यापाऱ्याने आपल्याला ठाऊक असलेले दोष गाडीवर चिकटवलेल्या कागदात लिहावेत. १९८२ मध्ये तिथल्या संसदेने तो नियम रोखला. संसदेचा हा नकाराधिकारच घटनाबाह्य ठरल्यावर आयोगाने नियम पुन्हा हाती घेतला आणि १९८५ मध्ये तो लागू झाला. पण ठाऊक असलेले दोष लिहिण्याची अट त्यातून गळून पडली होती. आणि ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येतून मोटारसायकल सरळ वगळलेली होती.

आपल्याकडे काय आहे? १९३० चा मालविक्री कायदा व्यापाऱ्यावर मालाच्या दर्जाची काही जबाबदारी टाकतो. आपली एकुलती एक गाडी विकणारा माझ्यासारखा माणूस तिच्याबाहेर राहतो. मोटार वाहन कायद्याखालचे २९ आणि ३० क्रमांकाचे अर्ज मालकी बदलतात, आणि ते वेळेत भरलेच पाहिजेत. नोंद जुन्या नावावर राहिली तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावरच राहते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. पण नोंदणीपुस्तकात चॅसी क्रमांक असतो, ती चॅसी वाकली होती का हे नसते. गाडी कायमची निकामी झाली तर कळवावे लागते. निकामी होता होता वाचली तर ते कुणालाच सांगावे लागत नाही.

म्हणून पारख घेणाऱ्याकडेच उरते, आणि ती अशक्य नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ते जिथे अडते तो थांबा पाहावा. तो चेपलेला किंवा ताजा रंगवलेला असेल तर धडक बसलेली असू शकते. मानेखालच्या नळीवर बोट फिरवावे. सुरकुतलेला किंवा दोन छटांचा रंग बोलतो. पुढचे चाक उचलून हँडल हळू फिरवावे. मध्यावर खटका लागला तर कोन सेट मार खाल्लेला आहे. ओल्या फरशीवरून सरळ चालवत नेऊन मागे पाहावे. दोन चाकांच्या दोन वेगळ्या रेघा दिसल्या तर सौदा तिथेच थांबवावा. आणि प्रश्न विचारावा तो तिसऱ्या उदाहरणासारखा, उत्तर दिल्यावाचून सुटता येणार नाही असा, शक्यतो कागदावर.

२०११ मध्ये मी माझी पुढची गाडी विकली. तीही एकदा पडली होती. या वेळी शॉकअप नवे घातले होते. घ्यायला आलेल्या गृहस्थांनी काहीच विचारले नाही. मी आपणहून एका कागदावर तारीख, मोडलेले भाग, बदललेले भाग आणि नुसते सरळ केलेले भाग लिहिले, सही केली आणि गाडी पाच दिवस घेऊन जा म्हणालो. त्यांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे थोडे संशयाने पाहिले आणि भाव दोन हजारांनी पाडला. मी दिला.

भोरच्या त्या मुलाचे मी किती पाडायला हवे होते, याचा हिशेब अजून लागलेला नाही.