मोटारीचा दिवा : उजेड पाडणे आणि अडवणे

मोटारीच्या पुढच्या दिव्याकडून आपण दोन परस्परविरोधी गोष्टी मागतो. रस्ता दूरवर स्वच्छ दिसला पाहिजे, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपता कामा नयेत. या दिव्याचा इतिहास म्हणजे जास्तीत जास्त उजेड मिळवण्याचा इतिहास, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. माझ्या मते नको तिथला उजेड कसा अडवायचा, हाच त्यातला अधिक अवघड भाग आहे.

सुरुवातीच्या मोटारींना घोडागाडीसारखे तेलाचे कंदील असत. मग ॲसिटिलीनचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंबथेंब पाणी पडे, त्यातून वायू सुटे आणि त्याची झगझगीत ज्योत वाऱ्यापावसातही टिके. (कार्बाइडचा तो उग्र वास ॲसिटिलीनचा नसून त्यातल्या अशुद्ध द्रव्यांचा असतो, हे विद्यार्थ्यांना जरूर सांगावे.) १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांची विजेची यंत्रणा आली. इंजिन सुरू करणे, ठिणगी पाडणे आणि दिवे लावणे ही तिन्ही कामे ती करी. त्यानंतर कार्बाइड मागे पडले.

विजेच्या बल्बमुळे प्रकाशाचा उगम लहान झाला आणि त्याची जागा पक्की झाली. अन्वस्ताकार आरशाच्या नाभीपाशी तंतू ठेवला की परावर्तित किरण समांतर निघतात, हे आपण शाळेत शिकवतोच. पण हा समांतर झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून १९२० च्या दशकात दोन तंतूंचे बल्ब आले. एक तंतू नाभीपाशी, तो लांबच्या झोतासाठी. दुसरा नाभीच्या थोडा पुढे, तो डिपरसाठी. नाभीच्या पुढच्या तंतूपासून निघून आरशाच्या वरच्या अर्ध्या भागावर पडणारे किरण खाली रस्त्याकडे वळतात. खालच्या अर्ध्या भागावर पडणारे मात्र वर जातील, म्हणून त्या तंतूखाली धातूची एक चिमुकली वाटी बसवलेली असते. म्हणजे डिपरला आरशाचा जवळजवळ निम्मा भाग वायाच जातो.

आपल्याकडे अनेक वर्षे ट्रक-मोटारींच्या दिव्यांचा वरचा भाग काळा रंगवत असत, ते अनेकांना आठवत असेल. हेतू चांगला होता, पण अशा वाटीवाल्या दिव्यात डिपरचा प्रकाश येतो तो नेमका वरच्याच भागातून. डोळे दिपू नयेत म्हणून लावलेला रंग रस्त्यावरचा उजेडच खात असे.

साध्या बल्बमध्ये टंगस्टनची वाफ होऊन ती काचेवर बसे आणि काच काळवंडे. यावर उपाय हॅलोजन वायूंचा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एल्मर फ्रिड्रिक आणि एमेट वायली यांना १९५९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. उडालेले टंगस्टन हॅलोजनशी संयोग पावते आणि तप्त तंतूजवळ पुन्हा सुटे होते, त्यामुळे काच स्वच्छ राहते. १९६२ मध्ये युरोपात मोटारींसाठी एच-१ हा हॅलोजन बल्ब आला, १९७१ मध्ये दोन तंतूंचा एच-४. तरीही निम्म्या आरशाची अडचण कायमच होती.

ती सुटली प्रोजेक्टरमुळे. यात आरसा अन्वस्ताऐवजी लंबवर्तुळाकार असतो आणि लंबवर्तुळाला दोन नाभी असतात. एका नाभीपाशी दिवा ठेवला की प्रकाश दुसरीपाशी गोळा होतो. तिथे एक पत्रा आडवा ठेवायचा आणि पुढे बहिर्गोल भिंग. भिंग त्या पत्र्याच्या कडेची प्रतिमा रस्त्यावर टाकते, तीही उलटी. पत्रा खाली, म्हणून अंधार वर. १९८६ च्या बीएमडब्ल्यू ७ मालिकेत असे दिवे होते. वर्गात बॅटरी, पुठ्ठा आणि भिंग घेऊन ही कड भिंतीवर सहज दाखवता येते. पुठ्ठा थोडा मागेपुढे केला की कड पुसट होते, आणि अचूक जागेचे महत्त्व मुलांना वेगळे समजावावे लागत नाही.

याच मालिकेत १९९१ मध्ये झेनॉनचे दिवे आले. पण खरा बदल निळ्या एलईडीने केला. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये प्रखर निळा एलईडी सादर केला. त्याच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा थर दिला की मिश्रण पांढरे दिसते. (अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले.) २००७ मध्ये लेक्सस एलएस ६०० एच या मोटारीचा डिपर एलईडीचा झाला आणि २००८ मध्ये ऑडी आर-८ चे पुढचे सगळेच दिवे.

तंतू चहूकडे प्रकाश टाकतो, एलईडीची चकती एकाच बाजूला. त्यामुळे अर्धा आरसा पुरतो. ५५ वॅटच्या हॅलोजन डिपरमधून साधारण १००० ल्युमेन मिळतात, एलईडी त्याच्या निम्म्याहून कमी विजेत तेवढे देतो. उष्णता मात्र नाहीशी होत नाही, ती फक्त जागा बदलते. हॅलोजनमध्ये बरीचशी झोताबरोबर अवरक्त किरणांतून पुढे जाते, एलईडीत चकतीच्या मागे साठते. म्हणून मागे धातूचे पंखे, काही वेळा फिरता पंखाही. थंड देशांत पुढच्या काचेवरचे बर्फ हॅलोजनने वितळते तसे एलईडीने वितळत नाही, हा त्याचाच परिणाम.

मग जुन्या हॅलोजनच्या घरात एलईडीचा बल्ब बसवला तर? तंतू म्हणजे बारीक वेटोळे. त्याच्या जागी एका पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चकत्या आल्या, तर मिलिमीटरच्या अंशापर्यंत हिशोब केलेला तो आरसा फसतो आणि कडेच्या वर प्रकाश गळू लागतो. चालकाला स्वतःला उजेड वाढल्यासारखा वाटतो, म्हणून त्याला यात काही चूक दिसत नाही. आपल्या रस्त्यांवर डोळ्यांत भाले खुपसणारे बरेचसे दिवे या जातीचे असतात, त्यात एलईडीचा काही दोष नाही.

एकसंध बनावटीच्या एलईडी प्रोजेक्टरमध्ये चकती, आरसा, पत्रा आणि भिंग एकमेकांसाठीच घडवलेले असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. मात्र त्यातली चकती गेली, तर बहुधा अख्खा दिवाच बदलावा लागतो. हॅलोजनचा बल्ब रस्त्याकडेच्या दुकानात मिळतो आणि पाच-दहा मिनिटांत बदलता येतो.