तिघांच्या मैफलीचे कुळ

गाणारा कंठ, सॅक्सोफोन आणि मृदंगम असे तिघे बंगळूरच्या एखाद्या मंचावर एकत्र बसले की त्या संगीताचा जन्म १९७०च्या दशकात झाला असे आपण धरून चालतो. अमेरिकेतून जॅझ आला, १९७५च्या सुमारास ‘शक्ती’ या चमूने वाट पाडली आणि मग गावोगावी तशी मंडळी जमली, अशी वंशावळ सांगितली जाते. ही वंशावळ अपुरी आहे. परके वाद्य हाती घेऊन तालाच्या चौकटीत तिघांनी उत्स्फूर्त वाजवायचे, ही रीत दक्षिणेत सुमारे दोनशे वर्षे चालत आली आहे आणि तिच्या पूर्वपीठिकेत एक मराठी दरबारही आहे.

कर्नाटक संगीताच्या कचेरीत, म्हणजे मैफलीत, गायक, व्हायोलिन आणि मृदंगम हा गाभा आज इतका मुरला आहे की व्हायोलिन विलायती आहे हेही कुणाला आठवत नाही. संगीतकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू बालुस्वामी मद्रासेत युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकले, असे परंपरा सांगते. त्याच सुमारास तंजावरात दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द १७९८–१८३२) पाश्चात्त्य बँड पदरी बाळगून होते. ज्या शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती, त्यांचेच पुत्र व्यंकोजी यांनी तंजावरची ही मराठी गादी स्थापली होती. तंजावरच्या वडिवेलू या संगीतकाराला त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी १८३४ मध्ये हस्तिदंती व्हायोलिन दिले. राजाश्रयाने वाद्याला दार उघडले, पण ते टिकले अंगच्या गुणाने. व्हायोलिनला पडदे नसतात, त्यामुळे गमक सलग निघते. वादकांनी मांडी घालून ते छाती आणि घोटा यांच्यामध्ये टेकवले, तारा षड्ज-पंचमात मिळवल्या आणि गायकामागोमाग आलापना व कल्पनास्वर (उत्स्फूर्त स्वररचना) काढायला सुरुवात केली.

म्हैसुरात याचीच पुनरावृत्ती झाली. राजवाड्याच्या बँडमधला सॅक्सोफोन ऐकून कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) त्याकडे वळले आणि त्यांनी त्यातून गमक काढून दाखवले. बंगळुरात टी. ए. एस. मणि यांनी १९६४ मध्ये कर्नाटक कॉलेज ऑफ पर्कशन सुरू केले. मग प्रवास उलटा झाला: अमेरिकी सॅक्सोफोनवादक चार्ली मरियानो नागस्वरम शिकायला भारतात आले. पुढे त्यांनी आणि या कॉलेजच्या कलावंतांनी मिळून केलेली ‘ज्योती’ ही ध्वनिमुद्रिका १९८३ मध्ये जर्मनीत ध्वनिमुद्रित झाली. तीत आर. ए. रमामणी गातात, मणि मृदंगम वाजवतात, सोबत घटम आणि खंजिरा आहेत. माणसे पाच असली तरी भूमिका तीनच: गाणारा, त्याला उत्तर देणारा आणि ताल सांभाळणारा.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. कचेरीतला व्हायोलिनवादक साथीदार असतो, मुख्य कलावंताच्या बरोबरीचा नसतो. तिघांना समान हक्क ही देणगी जॅझची. हे बऱ्याच अंशी मान्य करायला हवे. तरी मृदंगमला स्वतःचा अवकाश देणारे तनि आवर्तनम आणि व्हायोलिनच्या वाट्याची आलापना ही समतेची बीजे आधीपासूनच होती. जॅझने त्यांना मोकळे रान दिले. दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा: अशा मिश्रणात रागही बाटतो आणि जॅझही. पुष्कळ फ्यूजनबद्दल तो खराही आहे, कारण तिथे दोघे पाळीपाळीने आपापले वाजवतात आणि एकमेकांकडून काहीच शिकत नाहीत. पण याच कसोटीवर व्हायोलिन उतरले आणि मरियानोही उतरले; दोन्हीकडे पाहुण्याने आधी घरची शिस्त शिकून घेतली.

म्हणून अशा त्रयीची पारख वाद्यांच्या नावीन्यावरून करू नये. पुढच्या मैफलीत हातावर ताल धरून बसा. उत्स्फूर्त वादनाच्या भरातही तिघे समेवर एकत्र येत असतील, तर ते संगीत या कुळातले आहे.