कळलावी : सतवासच्या रानातील अग्निशिखा

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विंध्याचे उतार नर्मदेच्या खोऱ्यात विसावतात त्या पट्ट्यात सतवास हे तालुक्याचे ठिकाण आहे. भोवती साग, धावडा, तेंदू यांची पानझडी वने. पावसाळा स्थिरावला की अशा वनांच्या कडेला, झुडपांच्या आधाराने चढलेल्या वेलींवर ज्वाळेसारखी फुले उमलतात. तेथील हिंदी भाषकांची ‘कलिहारी’ ती हीच. मराठीत कळलावी, संस्कृतात अग्निशिखा वा लांगली. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. गोव्यातील डोंगरउतारांवर व कुंपणांवरही ती पावसाळ्यात दिसते.

या वेलीला वेगळे ताणे नसतात. पानाचे टोकच वळून आधार पकडते. फुलाच्या सहा पाकळ्या नागमोडी कडांच्या व मागे उलटलेल्या असतात. त्या आरंभी हिरवट-पिवळ्या, पुढे केशरी व शेवटी लालभडक होतात, त्यामुळे एकाच वेलीवर निरनिराळ्या रंगांची फुले आढळतात. हिवाळ्यात वेल सुकते आणि जमिनीतील कंद पुढील पावसाची वाट पाहतो. हा कंद नांगरासारखा वाकडा असतो. ‘लांगली’ हे नाव त्यावरूनच पडले.

मराठी नावाचा उगम तिच्या उपयोगात आहे. अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून कंदाचा लेप बाहेरून लावण्याची जुनी प्रथा होती. भांडणे लावणाऱ्याला आपण ‘कळलाव्या’ म्हणतो, त्यामुळे हे फूल घरात आणल्यास कलह होतो अशीही समजूत रूढ झाली. वेलीचा त्यात काही दोष नाही.

दोष आहे तो तिच्या विषात. वेलीच्या सर्व भागांत कोल्चिसिन हे अल्कलॉइड असते. आयुर्वेदाने लांगलीची गणना उपविषांत केली असून गोमूत्रात शोधन केल्याशिवाय ती वापरू नये, असे सांगितले आहे. औषधविषयक नियमांतील विषारी द्रव्यांच्या अनुसूचीतही तिचे नाव आहे. खाण्याचा कंद समजून हा कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवले आहेत. काही तासांत घशाची आग, उलट्या व जुलाब सुरू होतात, पुढे मूत्रपिंड व अस्थिमज्जा निकामी होऊ लागते. वाचलेल्या रुग्णाचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात. सहज मिळणारा असा खास उतारा नाही. म्हणून लक्षणांची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे आणि उरलेला कंदही सोबत न्यावा. घरगुती गर्भपातासाठी होणारा त्याचा वापर तर थेट जिवाशी खेळ आहे.

हेच कोल्चिसिन मोजक्या मात्रेत गाऊट या सांधेदुखीवर दिले जाते. ते पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करू शकते, हे 1937 मध्ये स्पष्ट झाले आणि बिनबियांच्या कलिंगडाची वाट त्यातूनच मोकळी झाली. औषधनिर्मितीसाठी तमिळनाडूत कळलावीची शेती होते; हे त्या राज्याचे राज्यपुष्पही आहे. तेथे मुख्यतः बी विकले जाते व कंद जमिनीत राहतो. रानात मात्र कंदच खणून नेतात, आणि कंद गेला की ती वेल पुढच्या पावसात उगवत नाही.