शिस्त, तीर आणि रुंद पाते

आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेत एका वर्गाच्या भिंतीवर 'शिस्त' हा शब्द मोठ्या अक्षरांत रंगवलेला आहे. मराठीच्या तासाला मी सहज त्याचा अर्थ विचारला. बुवापाड्यातून येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, निशाना." वर्ग हसला, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली, कारण मुलगा बरोबर होता. उर्दूत 'शिस्त बाँधना' म्हणजे नेम धरणे. जुन्या मराठीतही 'शिस्त धरणे'चा अर्थ हाच होता. मूळ फारसी शब्द 'शस्त'. धनुष्याची दोरी ओढताना तिरंदाज अंगठ्यात जी अंगठी घालतो ती शस्त, आणि त्यावरून नेमही शस्त. शाहजहानसाठी घडवलेली जेडची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. आपण मुलांना रांगेत उभे करताना ज्या शब्दाने दटावतो, तो शब्द तिरंदाजाच्या अंगठ्यातून आलेला आहे!

एका शब्दापायी मी तिरंदाजीची पुस्तके शोधू लागलो. बी.एड.ला असताना इतिहास म्हणजे सनावळ्या अशी समजूत होती. इथे इतिहास एका काडीत, तीन पिसांत आणि लोखंडाच्या तुकड्यात भरलेला निघाला. त्या तुकड्याचाच प्रश्न सर्वात अवघड.

निशाणाच्या तीराचे टोक बारीक असते, त्यामुळे तो सरळ जातो. शिकारीच्या तीराला रुंद, धारदार पाते लागते. जखम रुंद झाली तर रक्त लवकर वाहते आणि जनावर तडफडत दूर जात नाही. पण पाते रुंद झाले की तीर भरकटतो. का? लोकलच्या दारात उभे राहून तळहात बाहेर काढून पाहा. (काढू नये, मुलांना मी हेच सांगतो, पण आपण सगळ्यांनी काढलेला असतो.) तळहात आडवा, सपाट धरला तर तो वारा कापतो. जरासा कलला की वारा हात वर तरी उचलतो नाहीतर खाली दाबतो. रुंद पाते म्हणजे तीराच्या तोंडावर बसवलेला असा तळहात. ते काडीच्या रेषेत अचूक नसेल तर वाऱ्याने तीर ढळणारच.

हा प्रश्न केवळ नेमबाजीचा नव्हता, हलाल-हरामचाही होता. हातिमताईच्या गोष्टी आपल्या घरोघर माहीत आहेत. त्याचे चिरंजीव हजरत अदी बिन हातिम रजि. हे शिकारीचे शौकीन. त्यांनी हुजूर सल्ल. यांना 'मिअराद'विषयी विचारले. (उर्दू उच्चाराने हा शब्द जवळजवळ मेराज होतो, पण त्या मुबारक रात्रीशी त्याचा संबंध नाही.) मिअराद म्हणजे पिसे नसलेला तीर. तो मध्येच आडवा होतो आणि टोकाऐवजी अंगाने आदळतो. उत्तर मिळाले ते असे: धारेने भेदले असेल तर खा, आडवा लागून जनावर मेले असेल तर ते ठोकून मारलेले जनावर, ते खाऊ नका. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. बहुसंख्य फुकहांनी हाच नियम धरला. पुढे बंदूक आली तेव्हा गोळी कापते की आदळते, हा वाद याच हदीसच्या आधारे पुन्हा पेटला. सांगायचे इतकेच की, ज्या शिकाऱ्याच्या घरी चूल त्या तीरावर पेटायची, त्याला तीर सरळ करणे भागच होते. आडवा लागला तर हाती आलेले जनावरही ताटात येत नव्हते.

सरळ कसा करायचा याची उत्तरे अरबी भाषेने शब्दांत साठवून ठेवली आहेत. तेराव्या शतकाच्या अखेरीस इब्न मंजूरने 'लिसानुल अरब' हा प्रचंड कोश रचला. त्यात 'तन्फीज' हा शब्द भेटला तेव्हा मी खुर्चीवरून उठलोच. तीर नखावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने फिरवायचा, म्हणजे त्याचा सरळपणा की वाकडेपणा उघड होतो. या एवढ्याशा कृतीला स्वतंत्र नाव! आजही शिकारीचे तीर बनवणारे पाते बसवल्यावर तीर फिरवूनच पाहतात. टोक एका जागी स्थिर दिसले तर ठीक, गोल डगमगले तर पाते तिरके.

दुसरा शब्द 'लुआम'. एका पिसाची आतली बाजू शेजारच्या पिसाच्या बाहेरच्या बाजूकडे येईल अशी बसवलेली पिसे म्हणजे लुआम, उत्तम. एकमेकांशी न जुळणारी ती 'लुगाब', वाईट. यामागची गंमत अशी की पक्ष्याच्या डाव्या आणि उजव्या पंखाची पिसे उलट्या बाजूंना वळलेली असतात. एकाच पंखाची पिसे लावली तर तीर हवेत स्वतःभोवती फिरतो. मग पात्यातला थोडा दोष एकाच बाजूला ओढत राहत नाही, प्रत्येक फेऱ्यात चहूकडे वाटला जातो. शिवाय पाते जितके रुंद, तितकी पिसे मोठी हवीत. पुढचा पंख मागच्या पंखाला भारी पडला की तीराचे तोंड फिरलेच.

तिसरी गोष्ट काडीच्या लवचीकपणाची. दोरी सुटताच तीर वेलीसारखा वाकतो आणि धनुष्याला वळसा घालून पुढे जातो. डोळ्यांना हे दिसत नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपले गेले. त्याच काडीला जड पाते लावले की ती जास्त वाकते आणि नेम चुकतो. जुन्या उस्तादांकडे कॅमेरा नव्हता, पण धनुष्याच्या जोराप्रमाणे तीर निवडावा हे त्यांना ठाऊक होते. मम्लूक अमदानीतला तैबुगा याने १३६८ च्या सुमारास तिरंदाजीवर जो ग्रंथ लिहिला, त्याचे लॅथम आणि पॅटर्सन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये निघाले. ते कुठे मिळाले तर जरूर चाळावे.

आणि आपल्याकडे? सुलतान अल्तमशच्या काळात फख्रे मुदब्बिरने 'आदाबुल हर्ब' लिहिले. हिंदवी धनुष्याचा तीर लांब जात नाही, पण जवळून लागला तर जखम फार वाईट होते, असे तो नोंदवतो. शिंगाचे तुर्की धनुष्य जाणणाऱ्या माणसाचा सूर त्यात आहे. मला मात्र यात अडाणीपणा दिसत नाही. दाट रानात पन्नास पावलांपलीकडे दिसते तरी काय! जवळ जायचे, रुंद पाते वापरायचे, हा रानाचा हिशेब आहे.

हा हिशेब पाहायला फार लांब जावे लागले नाही. ठाणे जिल्ह्यात पाडा म्हणजे छोटी वस्ती, बहुधा आदिवासींची. आज बुवापाड्यात रान शोधूनही सापडणार नाही, पण मलंगगडाच्या पायथ्याकडे गेले की कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. खैरापासून कात काढणारे हे लोक. कात गेला, रान सरकारजमा झाले आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारही गेली. एका ओळखीच्या पालकांबरोबर मी तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांकडे गेलो. त्यांचा तिरकमठा आढ्याला खोचलेला होता. धनुष्य बांबूचे, दोरीही बांबूच्याच कांबीची. मी मनात शब्द सोडवून पाहिला: तीर फारसी, कमठा इथला.

"किती वर्षं झाली वापरून, बाबा?"

"लेकराचं लगीन झालं त्याच्या आदी. आता कशाला, गुरुजी? फारेस्टवाला धरल ना."

त्यांनी तीर खाली काढून दिला. पाते चपटे, बोटाएवढे लांब. पिसे दोऱ्याने आवळलेली, अर्धी कसरीने खाल्लेली. मी कोशात वाचले होते तसा तो अंगठ्याच्या नखावर टेकवला आणि दुसऱ्या हाताने फिरवला. तीर नखावर थडथडला. बाबांनी तो हातातून घेतला, एक डोळा मिटून मागून पुढे पाहिले आणि म्हणाले, "काठी चांगली हाय. पातं हललंय." सुनेला हाक मारून त्यांनी चुलीतले निखारे पुढे ओढायला सांगितले. पात्याची गाठ सोडली. ते किंचित फिरवून पुन्हा बसवले आणि वरून दोरा आवळू लागले. ज्या तीराने आता कधीच काही मारायचे नव्हते, त्याच्या गाठीपायी अर्धा तास गेला. मग तीर माझ्यापुढे धरून म्हणाले, "आता फिरवा तुमच्या नखावर."