हिंगण्याची झोपडी

१८९७ साली प्लेगने पुणे हादरले. लोक घरे सोडून शहराबाहेर राहू लागले. आदल्याच वर्षी धोंडो केशव कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला होता. शहरातील वास्तव्य धोक्याचे झाले. परंतु घरी परतलेली विधवा मुलगी पुन्हा शिकावयास येईल, याची शाश्वती कोणती? रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्यास सहा एकर जमीन व ७५० रुपये दिले. १९०० साली तेथे झोपडी उभी राहिली. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून कर्वे पायी हिंगण्यास जात.

मार्च २०२० मध्ये देशभरच्या शाळा बंद झाल्या, तेव्हा तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. वास्तू सुटली तरी विद्यार्थी सुटू देऊ नयेत, हे हिंगण्याचे उत्तर होते. परमुलुखात मराठी वर्ग चालविणाऱ्या आपणांस ते निराळे सांगणे न लगे.